गांजा, दारू आणि व्हिसा: न्यू जर्सी, कोलोरॅडो, टेक्सस आणि युटा यांची तुलना

अमेरिकेत नोकरीचे दोन-तीन प्रस्ताव हाती आले की पगार, घरभाडे आणि शाळा यांची तुलना सगळेच करतात. त्या त्या राज्याचे गांजा आणि दारूविषयीचे धोरण मात्र बहुतेकांना तिथे राहायला गेल्यावरच कळते. व्हिसावर राहणाऱ्या माणसाने ते आधीच समजून घ्यावे असे मला वाटते, कारण यातली चूक दंड भरून मिटत नाही.

१९३३ साली एकविसाव्या घटनादुरुस्तीने देशव्यापी दारूबंदी उठली आणि दारूच्या विक्रीवर नियंत्रण ठेवण्याचा अधिकार राज्यांकडे गेला. वर्धा आणि गडचिरोलीत बंदी आणि लगतच्या चंद्रपुरात २०२१ पासून पुन्हा विक्री, हे पाहिलेल्या मराठी वाचकाला ही व्यवस्था अनोळखी वाटणार नाही. गांजाचे तसे नाही. गॅलपच्या पाहणीत १९६९ मध्ये फक्त १२ टक्के अमेरिकी लोक गांजा कायदेशीर करण्याच्या बाजूने होते आणि २०२३ मध्ये हे प्रमाण ७० टक्क्यांवर गेले, तरी राज्यांनी दिलेली मोकळीक केंद्राच्या कायद्याला बांधून ठेवत नाही, आणि व्हिसा, ग्रीन कार्ड व नागरिकत्व हे तिन्ही केंद्राच्याच हातात आहेत. दुकानातून रीतसर पावती घेऊन गांजा विकत घेतला, तो ओढल्याचे अधिकाऱ्यापुढे कबूल केले, किंवा गांजाच्या व्यवसायात नोकरी केली, तरी त्याचे परिणाम भोगावे लागू शकतात. राज्यात परवानगी असली तरी अशा गोष्टी नागरिकत्वाच्या अर्जात आड येऊ शकतात, असे नागरिकत्व व स्थलांतर खात्याने २०१९ मध्ये लेखी स्पष्ट केले आहे. म्हणून परदेशी नागरिकाने गांजाच्या बाबतीत चारही राज्ये सारखीच बंद आहेत असे धरून चालावे. इथे मला मधला मार्ग दिसत नाही.

नागरिक झालेल्यांसाठी खरी निवड कोलोरॅडो आणि न्यू जर्सी यांच्यात आहे. कोलोरॅडोने नोव्हेंबर २०१२ च्या सार्वमतात गांजाला मान्यता दिली, १ जानेवारी २०१४ पासून दुकाने उघडली आणि घरी मोजकी रोपे लावण्याचीही मुभा ठेवली. न्यू जर्सीत सार्वमत २०२० मध्ये झाले, विक्री एप्रिल २०२२ मध्ये सुरू झाली आणि घरी रोप लावणे हा अजूनही गुन्हाच आहे. यावरून कोलोरॅडो अधिक उदार वाटेल, पण नोकरीच्या ठिकाणी चित्र उलटे होते: न्यू जर्सीत केवळ चाचणीत गांजाचा अंश सापडला म्हणून कामावरून काढता येत नाही, तर कोलोरॅडोच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये, औषध म्हणून गांजा घेणाऱ्या कर्मचाऱ्यालाही काढून टाकण्याचा मालकाचा अधिकार मान्य केला. नोकरी करणाऱ्याला कामावरचे हे संरक्षण घरी रोपे लावण्याच्या मुभेपेक्षा जास्त महत्त्वाचे वाटायला हवे.

टेक्ससमध्ये दोन औंसांपर्यंत गांजा जवळ सापडला तर १८० दिवसांपर्यंत तुरुंगवास होऊ शकतो. त्याहून घातक बाब अशी की गांजाचा अर्क असलेली व्हेपची नळी किंवा गोळी यांना तिथे वेगळा आणि कडक नियम लागतो, त्यामुळे कोलोरॅडोतल्या डेन्व्हरच्या दुकानातून घेतलेली वस्तू डॅलसमध्ये गंभीर गुन्ह्याचे कारण ठरते. युटाने २०१८ पासून केवळ औषधी वापराला परवानगी दिली आहे.

दारूच्या बाबतीत या चार राज्यांचा क्रम बदलतो. वयाची २१ वर्षांची अट सगळीकडे आहे. कोलोरॅडोत २०२३ पासून किराणा दुकानात वाइनही मिळते. टेक्ससमध्ये बिअर आणि वाइन सुपरमार्केटात सहज मिळतात, पण कडक मद्याची दुकाने रविवारी बंद असतात. गांजाला मोकळीक देणारी न्यू जर्सी दारूच्या परवान्यांत मात्र हात आखडता घेते: रेस्टॉरंटचे परवाने लोकसंख्येच्या प्रमाणात ठरतात, साधारण तीन हजार वस्तीमागे एक, आणि म्हणूनच तिथल्या असंख्य खाणावळींत लोक आपली वाइन सोबत घेऊन जातात. युटात कडक मद्य आणि वाइन सरकारी दुकानांतच मिळते, तीही रविवारी बंद, आणि रेस्टॉरंटमध्ये जेवण मागवल्याशिवाय पेय मिळत नाही.

युटाचा सर्वांत महत्त्वाचा नियम गाडी चालवण्याचा आहे. इतर तीन राज्यांत रक्तातील मद्याची मर्यादा ०.०८ टक्के आहे. युटाने डिसेंबर २०१८ पासून ती ०.०५ वर आणली. दोन पेग घेऊन आपण ठीक आहोत असे वाटणारा माणूस तिथे सहज पकडला जाऊ शकतो, आणि दारू पिऊन गाडी चालवल्याबद्दल नुसती अटक झाली तरी परराष्ट्र खाते व्हिसा रद्द करू शकते. त्यासाठी दोषी ठरण्याचीही वाट पाहिली जात नाही. गांजापासून कटाक्षाने दूर राहणारी आपली मंडळी पार्टीनंतर गाडी काढताना तेवढा विचार करत नाहीत, हे मला जास्त काळजीचे वाटते.

लहान मुले असतील आणि शांत, निर्व्यसनी शेजार हवा असेल, तर वरचा नियम पाळण्याच्या तयारीने मी युटाला पसंती देईन. नागरिकत्व मिळालेले असेल आणि नोकरीची सुरक्षितता महत्त्वाची असेल, तर न्यू जर्सी. मात्र राज्य ठरल्यावर गावाचे नियम वेगळे तपासावेत: कोलोरॅडोतच कोलोरॅडो स्प्रिंग्स या मोठ्या शहराने औषधी वापराव्यतिरिक्त गांजाच्या विक्रीला २०२४ च्या मतदानापर्यंत परवानगी दिली नव्हती, आणि न्यू जर्सीतल्या ओशन सिटीत दारूचे दुकानच नाही.