जॅक उचलत नाहीत म्हणून मोठी बॅटरी घेऊ नका, आधी केबल सोलून बघा

पिकअपच्या हौद्यात बसणारी राहण्याची केबिन आम्ही करून घेतली. तुळजापूर, गाणगापूर करायचं, घरी आलं की केबिन उतरवून गाडी धंद्याला मोकळी. उतरवायला चार कोपऱ्यांना १२ व्होल्टचे चार इलेक्ट्रिक जॅक. वायरिंग सोलापुरात अक्कलकोट रोडच्या एका ऑटो इलेक्ट्रिशियनकडे दिलं.

रिकामी केबिन झटक्यात उचलली. सामान भरल्यावर जॅक कण्हायला लागले आणि मध्येच थांबले. "मालक, बॅटरीत दम नाही, १५० एएच टाका." (एएच म्हणजे अँपिअर-तास, बॅटरीत किती वीज मावते त्याचं माप.) टाकली. तरी तेच. मग म्हणे इन्व्हर्टर लागेल! १२ व्होल्ट डीसीच्या, म्हणजे थेट बॅटरीवर चालणाऱ्या मोटरला इन्व्हर्टर कशाला, याचं उत्तर काही त्याच्याकडे नव्हतं.

हिशोब साधा आहे. भार आला की आमचा एकेक जॅक दहा-बारा अँपिअर ओढतो, चार मिळून पन्नासच्या आत. पण काम तीनेक मिनिटांचं, म्हणजे खर्च फार तर अडीच एएच. १५० एएचची गरजच नव्हती. गरज होती ती एवढा करंट न अडता जॅकपर्यंत पोचण्याची.

मेहुण्याने मल्टिमीटर आणला. जॅक चालू ठेवून बॅटरीच्या टर्मिनलवर मोजलं तर १२.४, जॅकच्या टोकाला ९.८. अडीच व्होल्ट वाटेतच गायब! केबल सोलली. वरून जाडजूड रबर, आत तार अगदी बारीक. ब्लेडने खरवडलं तर तांब्याचा रंग निघून आत पांढरं अ‍ॅल्युमिनियम. पैसे घेतले होते १६ स्क्वेअर एमएम (तारेच्या छेदाचं माप) शुद्ध तांब्याचे. अ‍ॅल्युमिनियममधून तांब्याच्या साधारण साठ टक्केच वीज वाहते, त्यात तार बारीक. केबल तापत होती तेव्हा हा गडी म्हणायचा, "सोलापूरचं ऊन आहे ओ." आणि बॅटरीजवळ फ्यूजसुद्धा नाही. ही तर जिवाशीच गाठ.

आता खरी तांब्याची केबल टाकली, बॅटरीपाशी फ्यूज बसवला. बॅटरी केबिनमध्येच आहे, कारण केबिन उतरवताना गाडीतून केबिनला वीज देणारा प्लग काढावाच लागतो, आणि त्या प्लगच्या बारीक तारांवर जॅक चालवायचेही नसतात. आता चारही जॅक चालू असताना टोकाला पावणेबारा व्होल्ट मिळतात.

तो इलेक्ट्रिशियन म्हणतो, कापलेला माल परत नाही. कच्च्या पावतीवर नुसतं "वायरिंग साहित्य". ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार केली आहे. तुम्ही पक्कं बिल मागा, त्यावर केबलचा धातू आणि साइज लिहून घ्या, आणि पैसे देण्याआधी त्याच्यासमोर टोक खरवडा.