सांगलीत जुना मदरबोर्ड घेताय? आधी यूएसबीच्या भोकात टॉर्च मारा

माझा 2012 चा असेंबल्ड पीसी, सेकंड जनरेशनचा आय3 प्रोसेसर. 2021 च्या दिवाळीनंतर कपॅसिटर फुगून बोर्ड गेला. पोरीचे क्लास ऑनलाइन चाललेले, म्हटलं बोर्ड बदलू, एसएसडी टाकू, अजून चार वर्षं काढंल. पण त्या प्रोसेसरला लागणाऱ्या 1155 सॉकेटचे (म्हणजे प्रोसेसर बसवायच्या खाचेचे) बोर्ड मोठ्या कंपन्यांनी कधीच बंद केलेत, मग जुनाच शोधायला लागतो आणि इथंच आपण घावतो.

एका दुकानात रिफर्बिश्ड, म्हणजे जुनाच दुरुस्त केलेला, त्याच सॉकेटचा एच61 बोर्ड मिळाला, 2,800 रुपये. "बँकेतनं निघालेला माल हाय दादा, डोळं झाकून न्या." आणि मी खरंच डोळं झाकूनच नेला की! बिल पण कच्च्या चिठ्ठीवर.

महिनाभर झकास चालला. मग मागचे यूएसबी एकेक करून मेले, रॅम कधी 8 जीबी दाखवायचा तर कधी 4. दुकानदार म्हणाला रॅम खराब झालाय, म्हणून 1,600 चा दुसरा रॅम पण गळ्यात मारला, तरी तेच.

शेवटी रविवारी बोर्डच बाहेर काढला. वरनं एकदम चकाचक, ब्रश मारून धुतलेला असणार. पण रॅमच्या स्लॉटच्या फटीत आणि यूएसबीच्या आत भुरकट पापुद्रा, नखानं खरवडला तर पीठ झालं, आणि पिनांना हिरवट गंज. तो गाळ मला ओळखायला दोन मिनिटं पण लागली नाहीत. 2019 च्या महापुरात आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी 57 फुटांवर गेलेलं तेव्हा आमच्या खालच्या खोलीतनं हाच गाळ पंधरा दिवस काढत होतो.

पुरातला बोर्ड वाळवला की लगेच चालू होतो, तिथंच माणूस फसतो. आत राहिलेली माती हवेतला ओलावा धरते, वरनं करंट चालू असतो, मग तांब्याच्या बारीक रेषा हळूहळू खात जाते. म्हणून घेताना मोबाईलचा टॉर्च लावून पोर्ट आणि स्लॉटच्या आत बघा, बोर्डाच्या पाठीमागचे सोल्डरचे टाके बघा, सीरियल नंबरचा स्टिकर खरवडलेला असला तर सरळ उठून या. दोन्ही स्लॉटमध्ये रॅम लावून बायोसमध्ये (पीसी चालू होताना उघडणाऱ्या सेटिंगमध्ये) पूर्ण दिसतोय का तेही तिथंच बघा, घरी येऊन नाही. आणि पक्कं बिल मागा, नाही म्हणाला तर माल तसलाच समजा.

बोर्ड घेऊन परत गेलो. त्यानं हातात पण घेतला नाही, म्हणाला, "सांगलीत पाणी कुठं शिरलं नव्हतं दादा?"