आत्याच्या पाटल्या आणि पावती क्रमांक ४१२

हे लिहायचं की नाही यात सहा महिने गेले. गावाची बदनामी होईल असं घरचेही म्हणत होते. पण गेल्या महिन्यात शेजारच्या तालुक्यातले एक गृहस्थ ग्रामदेवतेच्या जीर्णोद्धाराचं पावती पुस्तक घेऊन डोंबिवलीला माझ्या दारात आले. भला माणूस, उन्हातून आलेला. त्यांच्या पावतीवर नोंदणी क्रमांकाची जागा कोरी होती. चार वर्षांपूर्वी मी जसा लोकांच्या दारात उभा राहायचो तसेच ते माझ्या दारात उभे होते. म्हणून लिहितो आहे. तपास चालू आहे, त्यामुळे गावाचं, देवाचं, माणसांचं नाव घालत नाही. गाव रत्नागिरी जिल्ह्यातलं, एवढंच पुरे.

मी बेस्टमध्ये ३१ वर्षं वाहक होतो. २०१७ साली निवृत्त झालो. पुढच्या मे महिन्यात गावी गेलो तेव्हा देवळात मोठी सभा भरली. मे महिना म्हणजे सगळे मुंबईकर गावात, त्यामुळे असे निर्णय तेव्हाच होतात. कौलारू देऊळ गळत होतं, मागची भिंत खचली होती, जीर्णोद्धार व्हायलाच हवा होता. घरटी १५,००० रुपये, माहेरवाशिणींकडून २,०००, बाकी ज्याची जशी ऐपत, असं ठरलं. घरं १६०. अध्यक्ष झाले ते आमच्याच भावकीतले, मी त्यांना दादा म्हणतो. मुंबईची वर्गणी गोळा करायचं काम माझ्याकडे आलं. 'तुझ्या शब्दावर लोक देतील,' असं दादा सभेत म्हणाले, आणि मला अभिमान वाटला.

लोकांनी खरोखरच माझ्या शब्दावर दिलं. विक्रोळी, भांडुप, नालासोपारा, दिवा, पनवेल. रविवारचे रविवार गेले. पन्नास पावत्यांचं एक पुस्तक, अशी सहा पुस्तकं मी फाडली, ४०१ ते ७००. कुणी चहा पाजला, कुणी जेवल्याशिवाय सोडलं नाही. घरकाम करणाऱ्या एका माहेरवाशिणीने २,००० रुपये चार हप्त्यांत दिले, दर वेळी डब्यातून मोजून.

आणि माझी आत्या. वय ८१, करी रोडला चाळीत एकटी राहते. गिरणीत कांडी भरायचं काम करून तिने दोन पोरं वाढवली. मी पावती पुस्तक काढलं तर म्हणाली, 'थांब बाबू.' आत गेली, पिठाच्या डब्यामागून रुमालाची पुरचुंडी काढली, सोडली. आत दोन पाटल्या. लग्नातल्या, झिजून कडा धारदार झालेल्या. 'ह्या कळसाला घाल. माझ्यामागे यावरनं पोरांत भांडण नको.' मी नको नको म्हटलं. ती म्हणाली, 'देवाला देतेय, तुला नाही.' मी पावती केली, क्रमांक ४१२: 'कळसासाठी सोन्याच्या दोन पाटल्या.' वजन लिहिलं नाही. खाली उतरून समोरच्या सोनाराकडे वजन करून चिठ्ठी घ्यायला दहा मिनिटं लागली असती. देवाच्या कामात वजन काय करायचं, असं मला तेव्हा वाटलं. ही माझी चूक, ती कुणावर ढकलत नाही.

पण एक गोष्ट मी केली होती. वाहकाला वेबिलची सवय असते. तिकिटाचे नंबर आणि बॅगेतले पैसे जुळल्याशिवाय डेपोतून घरी जाता येत नाही. त्या सवयीने प्रत्येक पावतीचा क्रमांक, नाव, रक्कम मी रात्री घरी येऊन माझ्या वहीत उतरवत गेलो. कुणी सांगितलं नव्हतं. सहा पुस्तकांची बेरीज ९,४२,००० रुपये, पाटल्या वेगळ्या. सगळी रक्कम वेळोवेळी दादांच्या हातात दिली, पुस्तकं संपतील तशी स्थळप्रतींसकट परत केली.

मग लॉकडाऊन आला. ग्रुपवर क्यूआर कोड आला, 'घरबसल्या देवकार्यात सहभागी व्हा.' स्कॅन केला की नाव यायचं एका ट्रेडर्सचं. सिमेंट-सळ्यांचं दुकान, दादांच्या भाच्याचं. मी विचारलं. उत्तर मिळालं की देवस्थानच्या खात्याला ऑनलाइन जोडायला वेळ लागतोय. खरी गोष्ट अशी होती की देवस्थानच्या नावाचं खातंच नव्हतं. संस्थेच्या नावाने खातं उघडायचं तर बँक नोंदणीचं प्रमाणपत्र आणि संस्थेचं पॅन मागते. इथे तिघांच्या नावाचं साधं संयुक्त बचत खातं होतं. म्हणजे १६० घरांचा पैसा बँकेच्या लेखी तीन माणसांचा होता. पैसे पाठवताना पडद्यावर कुणाचं नाव येतं ते बघा. देवाचं काम आणि दुकानाचं नाव, असं दिसलं तर तिथेच थांबा, मग समोरचा सख्खा भाऊ असला तरी.

माझ्या मुलाने कलशारोहणाआधी, मार्च २०२२ मध्ये, ५१,००० पाठवले. '८०जी मिळेल', म्हणजे देणगीवर आयकरात सवलत मिळेल, असं ग्रुपवर लिहिलेलं होतं, म्हणून त्याने विवरणपत्रात निम्म्या रकमेची, २५,५०० ची वजावट घेतली. पुढच्या वर्षी नोटीस आली. त्याच आर्थिक वर्षापासून ८०जी असलेल्या संस्थेला देणगीदारांची यादी स्वतः आयकर खात्याकडे भरावी लागते आणि देणगीदाराला १०बीई नावाचं प्रमाणपत्र द्यावं लागतं. आमच्याकडे होती ती फक्त गुलाबी पावती. वजावट गेली, कर व्याजासकट भरावा लागला. तेव्हा चौकशी केली तर कळलं की गावच्या देवळाला ८०जी सहसा मिळतच नाही. जीर्णोद्धाराच्या देणगीला ही सवलत केंद्र सरकारने खास अधिसूचित केलेल्या मोजक्या देवळांपुरती असते. आणि सवलत असेल तिथेही २,००० रुपयांवरच्या रोख देणगीवर वजावट नाही.

आता हिशोबाच्या सभेकडे येतो. नोव्हेंबर २०२२, परळच्या एका शाळेचा हॉल. हिशोब सादर झाला: जमा ३४ लाख, खर्च ३६ लाख, वरचे दोन लाख दादांनी पदरचे घातले. टाळ्या झाल्या, शाल-श्रीफळ झालं. मी टाळी वाजवली नाही, कारण डोक्यात आकडेमोड चालू होती. १६० घरांचे १५,००० म्हणजेच २४ लाख. माझ्या वहीतल्या ९ लाख ४२ हजारांत ही घरटी ठरलेली वर्गणी थोडी होती, बाकी वरच्या देणग्या. माझ्यासारखे गोळा करणारे आणखी सात. शिवाय क्यूआर. ३४ लाख कसे?

मी उठून म्हटलं, पावती पुस्तकं बघायची आहेत. कुजबुज झाली. 'देवाच्या कामात संशय?' मागून कुणीतरी म्हणालं, 'देवाला कौल लावूया का?' दादा शांत होते. त्यांनी गठ्ठा टेबलावर ठेवला आणि म्हणाले, बघ, तुझीच पुस्तकं आहेत.

मी ४०१ ते ४५० काढलं. अक्षर माझं नव्हतं.

मी अक्षरी रक्कम लिहून 'फक्त' म्हणतो आणि ओळ संपेपर्यंत रेघ ओढतो, मागून कुणी काही घालू नये म्हणून. त्या पुस्तकात एकही रेघ नव्हती. पावती ४०६, माझ्या वहीत ५,००१, इथे ५०१. पावती ४१२ वर तिरपी रेघ आणि शब्द, 'रद्द'. एकाच क्रमांकाची पुस्तकं दोनदा छापून घेतली होती. एक जोड लोकांसाठी, दुसरा हिशोबासाठी. माझ्या सहा पुस्तकांची त्यांच्याकडची बेरीज निघाली ५,८८,०००. फरक ३,५४,०००. हॉलमध्ये दीडशे माणसं होती आणि माझ्या तोंडून शब्द फुटेना.

पावती हातात आली की आपण निर्धास्त होतो. पावती एवढंच सांगते की तुम्ही दिलं. ते पैसे पुढे जमेला धरले की नाही, हे कळायला वर्षाचा जमाखर्च आणि ताळेबंद लागतो. महाराष्ट्रात सार्वजनिक देवस्थानांना १९५० चा विश्वस्त व्यवस्था कायदा लागू आहे. नोंदणी धर्मादाय आयुक्तांकडे, ३१ मार्चला हिशोब बंद, सहा महिन्यांत लेखापरीक्षण. एखाद्या कामासाठी म्हणून घेतलेला निधी ताळेबंदात वेगळा दिसला पाहिजे. 'जीर्णोद्धार निधी' अशी ओळच नसेल तर विचारा, का नाही. शिर्डी, सिद्धिविनायक, पंढरपूर यांना स्वतःचे कायदे आहेत, तिथे सरकारचं लक्ष आहे. गावच्या देवळाचा हिशोब गावाने बघितला नाही तर दुसरं कुणी बघत नाही.

नोंदणी क्रमांक नुसता छापलेला आहे म्हणून पुढे जाऊ नका, वाचा. हे मला साठी उलटल्यावर कळलं. क्रमांकाच्या आधीचं अक्षर न्यासाचा, म्हणजे ट्रस्टचा, प्रकार सांगतं: ए म्हणजे हिंदू, बी मुस्लिम, सी पारशी, एफ म्हणजे सोसायटी म्हणून नोंदलेली संस्था. कंसात जिल्हा असतो. आमच्या पावतीवर होतं 'एफ' आणि कंसात 'मुंबई'. रत्नागिरीतल्या देवळाला मुंबईचा एफ कुठून? तो क्रमांक आमच्या जुन्या मुंबई मंडळाचा होता, उद्देश वह्या-पुस्तकं वाटणं आणि आजाऱ्यांना मदत. त्या मंडळाचा शेवटचा लेखापरीक्षण अहवाल २०११ चा. देवळाची नोंदणी कधी झालीच नव्हती. धर्मादाय आयुक्तांच्या संकेतस्थळावर क्रमांक टाकून शोधता येतं. कार्यालयात अर्ज करून हिशोबाच्या नकलाही मिळतात. नोंदणी नसलेल्या मंडळालाही धार्मिक कामासाठी लोकांकडून पैसे गोळा करायचे तर कलम ४१ क खाली धर्मादाय कार्यालयाला कळवावं लागतं. गणपती मंडळं परवानगी काढतात ती याच कलमाची.

आम्ही नऊ जण एकत्र आलो. न्यासाची नोंदणी व्हावी म्हणून हितसंबंधी व्यक्तीही अर्ज करू शकते, कलम १९. तो अर्ज रत्नागिरीला केला. पोलिसांत विश्वासघात आणि फसवणूक, तेव्हाची दंड संहितेची ४०६ आणि ४२० कलमं. माझी वही साक्षीला गेली. त्यानंतर घरोघर फिरून लोकांकडच्या मूळ पावत्या जमवतो आहोत. आतापर्यंतची बेरीज ५८ लाखांवर गेली आहे. देऊळ उभं आहे, तिथे पूजा होते, पण झालेल्या कामाचं मूल्यांकन आमच्या वास्तुविशारदाने ३१ लाख केलं. बिलात सागवान आहे, वर बसवलंय किंजळाचं लाकूड. गावच्या सुताराने ते पहिल्याच दिवशी ओळखलं होतं. तो बोलला नाही. मी त्याला दोष देत नाही.

कारण बोलणाऱ्याचं काय होतं ते सांगतो. २०२३ च्या शिमग्यात पालखी आमच्या वाडीत आली. शेजारच्या अंगणात नाचली. माझ्या अंगणात बायकोने सारवून रांगोळी घातली होती, ओटीचं ताट तयार होतं. पालखी दारावरून पुढे गेली. ढोल थांबलासुद्धा नाही. कोकणातल्या माणसाला याचा अर्थ सांगायला नको. बायको संध्याकाळपर्यंत ते ताट उचलेना. सामाजिक बहिष्काराविरुद्ध २०१६ चा कायदा आहे, तीन वर्षांपर्यंत शिक्षा आहे. आम्ही त्याखाली तक्रार दिली आणि यंदा पालखी आली. पण ते ताट मी विसरणार नाही.

माझे वडील चौथी शिकलेले. लालबागला आमच्या गावकीची खोली होती. वीस-बावीस गिरणी कामगार तिथे पाळीपाळीने झोपायचे. वडील तिचे खजिनदार. सत्यनारायणाच्या पूजेला आरती झाली की प्रसाद वाटायच्या आधी वर्षाचा जमाखर्च मोठ्याने वाचायचे. नारळ इतके, रॉकेल इतकं, अमक्याला आईच्या मयताला गावी जायला इतके. कुणी 'थांबा' म्हटलं की थांबायचे आणि पुन्हा वाचायचे. १९८२ च्या संपात कुणाला किती उसने दिले ते त्या वहीत पैशापैशाने आहे. त्यांना कुणी नास्तिक म्हटलं नाही. हिशोब विचारणारा देवाच्या विरोधात आहे, हे आमच्यात कधी शिरलं ते मला समजत नाही. ते शिरलं म्हणूनच दीडशे माणसांनी त्या दिवशी टाळ्या वाजवल्या.

आत्याला सांगायचं राहिलं होतं. मी टाळत होतो. शेवटी तिनेच विचारलं, 'कळसाला लागल्या ना रे?' कळस तांब्याचा आहे, वर सोनेरी रंग आहे. मी खरं ते सांगितलं. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग उठली, देव्हाऱ्यातल्या तसबिरीमागून पावती ४१२ काढली. चार घड्या, हळदीचे डाग, माझं अक्षर, शेवटपर्यंत ओढलेली रेघ. 'ही ने,' म्हणाली, 'पण मला एक झेरॉक्स आणून दे.'

मूळ पावती आता पोलिसांच्या फायलीत आहे. झेरॉक्स तिने पुन्हा तसबिरीमागे ठेवली आहे.