एकाच टॉमकॅटवर सगळी ॲप्स, की प्रत्येकाची चूल वेगळी?

समजा तुमच्याकडे ८ जीबी रॅमचं एकच लिनक्स मशीन आहे आणि त्यावर चार जावा वेब ॲप्स चालवायची आहेत: फी, ग्रंथालय, वसतिगृह आणि निकाल. एका शिक्षणसंस्थेसाठी मी नेमकं हेच काम केलं, म्हणून उदाहरण तेच घेते. चारही वॉर फाइली (ॲप ज्यात बांधून येतं ती फाइल) एकाच टॉमकॅटच्या, म्हणजे जावा वेब ॲप्स चालवणाऱ्या सर्व्हरच्या, वेबॲप्स फोल्डरमध्ये टाकायच्या, की प्रत्येक ॲपला स्वतंत्र टॉमकॅट द्यायचा? शिवाय हल्ली तिसरा पर्याय लगेच पुढे येतो: टॉमकॅट पोटात घेऊनच चालणारा जार (जावाची बांधीव फाइल), हवा तर कंटेनरमध्ये, म्हणजे ॲपला लागणारं सगळं सोबत बांधलेल्या बंद डब्यात.

या विषयावरची चर्चा बहुतेक वेळा रॅमवर सुरू होते आणि रॅमवरच संपते. मी आधी वेगळंच विचारते: एक ॲप बंद पडलं तर त्याच्यासोबत आणखी कोणतं बंद पडलेलं चालेल? याचं उत्तर कागदावर लिहिलं की निम्मा निर्णय तिथेच होतो.

एकत्र ठेवण्यात काय मिळतं

एक जावा प्रोसेस, एक पोर्ट, एक कॉन्फिगरेशन, एकदाच अपडेट. टॉमकॅटमध्ये सुरक्षेची दुरुस्ती आली की एका ठिकाणी केली, काम झालं. लायब्रऱ्यांच्या भांडणाची भीती अनेकांना वाटते, पण ती बऱ्याच अंशी अनाठायी आहे. टॉमकॅट प्रत्येक ॲपला स्वतंत्र क्लासलोडर (कोड शोधून मेमरीत आणणारा भाग) देतो, आणि तो आधी त्या ॲपच्याच वेब-इन्फ फोल्डरमध्ये शोधतो, मग सामायिक लिब फोल्डरकडे वळतो. त्यामुळे फीच्या ॲपमध्ये एखाद्या लायब्ररीची जुनी आवृत्ती आणि ग्रंथालयात नवी, असं सुखाने नांदू शकतं. भांडण लागतं ते कुणी जागा वाचवायला सगळ्यांचे जार सामायिक लिबमध्ये नेऊन टाकले की. तिथे डेटाबेसचा ड्रायव्हर ठेवा, तोही कनेक्शन पूल (डेटाबेसशी उघडून ठेवलेल्या कनेक्शनांचा साठा) टॉमकॅट सांभाळत असेल तर. बाकी काही नको.

नवी आवृत्ती चढवायची सोयही एकत्र मांडणीत चांगली आहे. टॉमकॅट ७ पासून वॉरच्या नावात दोन हॅश चिन्हं आणि आवृत्ती क्रमांक घातला की जुनी आणि नवी आवृत्ती शेजारी शेजारी चालतात. ज्यांचं सेशन जुन्यावर आहे ते तिथेच राहतात, नवे लोक नव्यावर जातात. ही सोय वेगळ्या टॉमकॅटमध्येही मिळतेच, हे मात्र अनेकांच्या लक्षात येत नाही.

दोनशे थ्रेड, चार वाटेकरी

आता अडचणीची बाजू. इथे जरा थांबते, कारण माझं मत इथेच बनलं.

टॉमकॅटच्या कनेक्टरला, म्हणजे बाहेरून येणाऱ्या विनंत्या घेणाऱ्या भागाला, मुळात २०० थ्रेड मिळतात; एक थ्रेड एका वेळी एकच विनंती हाताळतो. चार ॲप्स असली तरी २०० च, आणि कुणाचा वाटा किती असं काही ठरलेलं नसतं. ज्याची विनंती आधी आली त्याला थ्रेड. फी भरण्याच्या शेवटच्या दिवशी दुपारी चारही ॲप्स एकदम लटकली. सीपीयू जवळपास रिकामा, हीप (जावाची कामाची मेमरी) निम्मीसुद्धा भरलेली नाही, डेटाबेस निवांत. लॉगमध्ये एरर नाही. ग्रंथालयातून फोन येत होते की पुस्तक परत घेता येत नाही, आणि ग्रंथालयाच्या ॲपला तर महिनाभर कुणी हातही लावला नव्हता.

जेस्टॅक चालवून थ्रेड डंप (कोणता थ्रेड काय करतोय याची यादी) घेतला तेव्हा उलगडा झाला. एकाखाली एक, पानभर, प्रत्येक थ्रेड एकाच ओळीवर उभा: सॉकेट रीड, म्हणजे नेटवर्कवरून उत्तराची वाट. फी भरल्यावर पालकांना एसएमएस पाठवणारा कोड बाहेरच्या सेवेला विनंती करत होता आणि ती सेवा त्या दिवशी उत्तरच देत नव्हती. कोडमध्ये टाइमआउट लिहिलेला नव्हता. जावाच्या जुन्या एचटीटीपी यूआरएल कनेक्शन क्लासमध्ये टाइमआउट दिला नाही तर तो शून्य धरला जातो, आणि इथे शून्य म्हणजे कितीही वेळ वाट बघा. फी भरणारा प्रत्येक जण एक थ्रेड अडकवून जात होता. दोनशे अडकायला फार वेळ लागला नाही.

चूक फीच्या ॲपची होती आणि टाइमआउट घालून ती सुधारलीही. पण तोवर तीन निर्दोष ॲप्स बंद राहिली. बरं, उपाय म्हणून रीस्टार्ट केला, तोही चौघांना सोबत घेऊनच. टॉमकॅट मुळात ॲप्स एकामागून एक सुरू करतो आणि सगळी वर आल्यावरच विनंत्या घ्यायला लागतो. निकालाचं ॲप सुरू व्हायला सगळ्यात जास्त वेळ घ्यायचं, म्हणून फी भरायला रांगेत उभ्या असलेल्यांना निकालाच्या ॲपसाठी थांबावं लागलं.

यावर एक मधला उपाय आहे. टॉमकॅटच्या कॉन्फिगरेशन फाइलमध्ये, म्हणजे सर्व्हर डॉट एक्सएमएलमध्ये, एकाहून अधिक सर्व्हिस लिहिता येतात. प्रत्येकीला स्वतःचा कनेक्टर, स्वतःचा पोर्ट, स्वतःचे थ्रेड. वरचा प्रसंग त्याने टळला असता. पण प्रोसेस एकच राहते, आणि पुढची दुखणी त्याने बरी होत नाहीत.

एका प्रोसेसमध्ये काय काय सामायिक असतं

हीप सामायिक असते. वसतिगृहाच्या ॲपने हजारो फोटोंचा अहवाल एकदम मेमरीत ओढला की आउट ऑफ मेमरी कुणाच्या कपाळी येईल ते सांगता येत नाही. त्या क्षणी जो मेमरी मागेल त्याच्या. लॉगमध्ये नाव दिसतं निकालाच्या ॲपचं, आणि माणूस चुकीच्या कोडमध्ये दोन दिवस घालवतो. नको असलेली मेमरी मोकळी करायला (गार्बेज कलेक्शन) जेव्हीएम, म्हणजे जावा चालवणारं इंजिन, थांबलं की सगळेच थांबतात.

सिस्टम प्रॉपर्टी सामायिक असतात, आणि डीफॉल्ट टाइमझोनही. आमच्याकडे एका ॲपने सुरू होताना डीफॉल्ट टाइमझोन यूटीसी केला. त्याच्यापुरता तो विचार बरोबर होता. पण शेजारच्या ॲपमधल्या पावत्यांवर रात्री १२ ते पहाटे ५:३० या वेळेत आदल्या दिवसाची तारीख पडू लागली. दिवसा सगळं ठीक, म्हणून चाचणीत कधी सापडलं नाही. ताळेबंद जुळेना तेव्हा हिशेबनीस बाईंनी पकडलं. क्लासलोडर वेगळा असला तरी असल्या गोष्टींना भिंत नसते.

सुरक्षेचंही तेच. एकाच लिनक्स युजरखाली चारही ॲप्स चालतात, म्हणून एकाच्या फाइल अपलोडमध्ये भोक सापडलं तर बाकी तिघांचे डेटाबेस पासवर्डही हाती लागतात. पूर्वी सिक्युरिटी मॅनेजर लावून ॲप्सना कुंपण घालता यायचं. जावा १७ मध्ये तो कालबाह्य ठरवला गेला, जावा २४ मध्ये कायमचा बंद झाला आणि टॉमकॅट ११ मधून त्याचा आधार काढून टाकला आहे. तेव्हा ती आशा आता धरू नये.

आणि पुन्हा पुन्हा डिप्लॉय करताना साठणारा गाळ. जुनी वॉर काढून नवी टाकली, पण ॲपने सुरू केलेला एखादा थ्रेड मागे जिवंत राहिला, तर जुन्या आवृत्तीचे सगळे क्लास मेमरीत अडकून राहतात. जावा ७ पर्यंत यातून पर्मजेनची, म्हणजे क्लास ठेवायच्या मेमरीची, एरर यायची. जावा ८ पासून पर्मजेनच्या जागी मेटास्पेस आली, आणि तिला मुळात कमाल मर्यादा नसल्यामुळे एरर न येता मशीनचीच मेमरी हळूहळू भरत जाते. टॉमकॅट अशा मागे राहिलेल्या थ्रेडबद्दल लॉगमध्ये इशारा देतो. तो वाचा. एकत्र मांडणीत याचं मोल जास्त, कारण गाळ काढायला करायचा रीस्टार्ट चौघांना भोवतो.

वेगळी चूल, सामायिक घर

वेगळा टॉमकॅट म्हणजे चार वेळा डाउनलोड करून चार वेळा अपडेट करणं, असा गैरसमज आहे. टॉमकॅटमध्ये दोन जागा वेगळ्या धरलेल्या असतात. कॅटलिना होम म्हणजे टॉमकॅटचा स्वतःचा प्रोग्राम, तो एकच राहतो. कॅटलिना बेस म्हणजे एकेका इन्स्टन्सचा संसार: कॉन्फ, लॉग्ज, टेम्प, वेबॲप्स, वर्क आणि बिनमध्ये एक सेटएन्व्ह स्क्रिप्ट. चार बेस फोल्डर, होम एकच. प्रत्येकाच्या सर्व्हर डॉट एक्सएमएलमध्ये दोन पोर्ट बदलायचे, मुळात ८००५ आणि ८०८० असतात ते. प्रत्येकासाठी वेगळा लिनक्स युजर आणि सिस्टमडीचं (लिनक्सवर सेवा सुरू-बंद करणारा प्रोग्राम) एक टेम्प्लेट युनिट. होम फोल्डरकडे सिमलिंक (बोट दाखवणारा शॉर्टकट) ठेवली की नवी आवृत्ती आली तरी सिमलिंक वळवायची आणि एकेक इन्स्टन्स सवडीने रीस्टार्ट करायचा. म्हणजे एकत्र मांडणीतली एकदाच अपडेट करण्याची सोय इथेही बरीचशी टिकते.

मग रॅमचं काय? खर्च वाढतो हे खरं. प्रत्येक जेव्हीएमला हीपशिवाय मेटास्पेस, कोड कॅशे आणि थ्रेड स्टॅक लागतात. आमच्या ॲप्सना प्रत्येकी १ जीबी हीप दिली आणि वरचा खर्च अंदाजे ३५० ते ४०० एमबी धरला, तर चौघांचे मिळून साडेपाच जीबी होतात. ८ जीबीत बसतं, डेटाबेस दुसऱ्या मशीनवर असेल तर. ४ जीबीचं मशीन असतं तर मी हा सल्ला दिला नसता. हीपची मर्यादा म्हणजे प्रोसेसची मर्यादा असं समजून चार वेळा २ जीबी लिहून ठेवू नका, लिनक्सचा कर्नल एखादी प्रोसेस सरळ मारून टाकेल.

डेटाबेस कनेक्शनच्या बाबतीत मात्र फरक नाही. प्रत्येक ॲपचा पूल वेगळा असेल तर एकत्र काय किंवा वेगळं काय, बेरीज तीच. पोस्टग्रेस या डेटाबेसची मूळ मर्यादा १०० कनेक्शनची आहे, ती डोक्यात ठेवून पूलचे आकडे ठरवा.

वेगळ्या मांडणीतला एक खड्डा आधीच सांगून ठेवते. ब्राउझर कुकी पोर्टनुसार वेगळी धरत नाही. दोन ॲप्स एकाच होस्टनेमवर ८०८१ आणि ८०८२ पोर्टला ठेवलीत आणि दोन्ही रूट म्हणून, म्हणजे पत्त्यात ॲपचं नाव न लावता, चढवलीत, तर दोघांची जेसेशनआयडी कुकी (लॉगिन लक्षात ठेवणारी) एकमेकींना पुसते. ग्रंथालयात लॉगिन केलं की माणूस फीमधून बाहेर फेकला जातो. यासाठी जुने कॉन्टेक्स्ट पाथ (पत्त्यातलं ॲपचं नाव) तसेच ठेवा, किंवा सबडोमेन वेगळे द्या, किंवा प्रत्येक ॲपच्या सेशन कुकीला वेगळं नाव द्या. एकत्र मांडणीत प्रत्येक ॲपचा पाथ वेगळा असल्यामुळे हे दुखणं सहसा दिसत नाही.

ज्या कारणाने निवड आपोआप होते

टॉमकॅट १० पासून जावाएक्स हे पॅकेजचं नाव जाऊन जकार्ता आलं. जावा ॲप्स बांधायच्या स्प्रिंग फ्रेमवर्कचंच बघा: स्प्रिंग बूट ३ ला जकार्ता आणि जावा १७ लागतं, जुनी स्प्रिंग ५ वरची ॲप्स टॉमकॅट ९ वर चालतात. नवी वॉर टॉमकॅट ९ वर टाकली तर ती चढल्यासारखी दिसते, लॉगमध्ये धड एरर नाही, आणि ब्राउझरमध्ये ४०४. दिवस जातो शोधण्यात. टॉमकॅट १० मध्ये वेबॲप्स-जावाईई नावाचा फोल्डर करून त्यात जुनी वॉर टाकली की तो ती स्वतः रूपांतरित करून घेतो, आणि साध्या ॲप्सना ते चालूनही जातं. पण पैशांचा व्यवहार करणारं ॲप मी त्या भरवशावर ठेवणार नाही. तुमच्या चारपैकी एक जरी पुढे सरकणार असेल तर वेगळे इन्स्टन्स हवेतच, आणि तेव्हा होमही दोन लागतील.

जार आणि कंटेनर

स्वतंत्रपणा इथे सर्वांत जास्त. प्रत्येक ॲपला स्वतःचं जावा, स्वतःचा टॉमकॅट, कंटेनर असेल तर मेमरीची पक्की मर्यादाही. पण टॉमकॅटची सुरक्षा दुरुस्ती आली की प्रत्येक जार पुन्हा बिल्ड करावा लागतो. ज्या ॲपचा सोर्स आणि बिल्ड तुमच्या हातात नाही, बाहेरच्याने नुसती वॉर दिली आहे, तिथे हा रस्ताच बंद. तेव्हा ती वॉर टॉमकॅटच्या इमेजमध्ये (कंटेनर ज्यावरून उभा राहतो तो साचा) घालता येते, एवढंच. शिवाय कंटेनरमध्ये हीपची मर्यादा लिहिली नाही तर जावा साधारणपणे मिळालेल्या मेमरीचा चौथा हिस्साच वापरतं. १ जीबी दिलेत आणि ॲप २५६ एमबीत गुदमरतंय, असं व्हायला नको. जावा ८ ची १९१ च्या आधीची अपडेट असेल तर तिला कंटेनरची मर्यादा आपोआप कळत नाही.

टीममध्ये इमेज बनवणं, रजिस्ट्री सांभाळणं हे रोजचं काम करणारा माणूस असेल तर जरूर जा. दोन माणसांची टीम असेल आणि त्यातला एक नेटवर्कही बघत असेल, तर कॅटलिना बेस पुरे.

मी काय निवडलं असतं, काय निवडलं

चारही ॲप्स एकाच टीमची, एकाच दिवशी रिलीज होणारी, आणि कार्यालयाच्या आत वापरली जाणारी असतील तर एकत्र ठेवा. ऑटो डिप्लॉय (फोल्डरमध्ये वॉर पडताच ती आपोआप चढवणं) बंद करा आणि मेटास्पेसला मर्यादा लिहा. पण त्यातल्या एकात पैसे असतील, किंवा एकाला वर्षातून दोन दिवस प्रचंड गर्दी असेल, तर ते आधी बाहेर काढा. सगळ्यांना एकदम वेगळं करायची गरज नाही. आम्ही फी आणि निकाल बाहेर काढले, ग्रंथालय आणि वसतिगृह अजूनही एकाच टॉमकॅटवर आहेत आणि बरे आहेत.

हलवताना रात्रीची वेळ घ्या, कारण चालू सेशन तुटणार. नवा बेस ८०८१ वर उभा करा, कॉन्टेक्स्ट पाथ जुनाच ठेवा, मशीनवरूनच कर्ल मारून तपासा. मात्र रात्रीची शेड्यूल्ड कामं तपासणीपुरती बंद ठेवा, नाहीतर जुनी आणि नवी दोन्ही प्रत जागी असताना प्रत्येक पालकाला थकबाकीचा एसएमएस दोनदा जाईल. मग एनजिनएक्समधली (पुढे उभा राहून विनंत्या योग्य टॉमकॅटकडे पाठवणारा सर्व्हर) एक ओळ वळवा आणि जुन्या टॉमकॅटच्या वेबॲप्समधून वॉर आणि तिचा उलगडलेला फोल्डर दोन्ही बाहेर हलवा. नुसतं टॉमकॅटच्या मॅनेजरमधून ॲप थांबवून चालणार नाही, पुढच्या रीस्टार्टला ते पुन्हा उठेल.