व्हीव्हीटी सोलेनॉइड: दोन सुटे भाग वापरून पाहिल्यानंतरचे मत

गाडी उभी असताना इंजिन थरथरू लागले, चढावर ओढ कमी पडू लागली आणि चेक इंजिनचा दिवा लागला, तेव्हा स्कॅनरवर पी ००११ हा कोड आला. इनटेक कॅमशाफ्ट (हवा आत घेणाऱ्या झडपा उघडणारा दांडा) अपेक्षित कोनापेक्षा पुढेच अडकून राहतो, एवढेच हा कोड सांगतो. खराब ऑइल किंवा ताणलेली टायमिंग चेन यांमुळेही तो येऊ शकतो, म्हणून नवा व्हीव्हीटी सोलेनॉइड (या झडपा उघडण्याची वेळ बदलण्यासाठी ऑइलचा प्रवाह नियंत्रित करणारा, विजेवर चालणारा भाग) मागवण्यापूर्वी जुना काढून तपासला. त्याच्या कॉइलचा रोध मॅन्युअलमधील मर्यादेत होता. पण जाळीत काळा गाळ बसला होता आणि स्वच्छ केल्यावरही १२ व्होल्टचा पुरवठा क्षणभर दिला असता आतला स्पूल (ऑइलची वाट उघडणारा-बंद करणारा सरकता दट्ट्या) जागचा हलत नव्हता. ज्या भागाने ऑइलचा प्रवाह सतत कमीजास्त करून कॅमशाफ्टचा कोन बदलायचा, त्याचा स्पूलच अडकला तर कॉइल चांगली असून काय उपयोग?

प्रथम घेतलेला स्वस्त पर्यायी भाग बसवताच कोड गेला आणि मी समाधानी होतो; परंतु काही आठवड्यांतच त्याच्या कनेक्टरमध्ये ऑइल झिरपू लागले. त्यानंतर गाडीच्या उत्पादकाच्या मूळ क्रमांकाचा भाग घेतला. दोन्ही शेजारी ठेवले की फरक हाताला कळतो: मूळ भागाचा स्पूल गुळगुळीत सरकतो, जाळी घट्ट बसलेली आहे आणि ओ-रिंगमध्ये (ऑइल गळू न देणाऱ्या रबरी कड्यात) लवचिकपणा आहे. काम अवघड नाही. माझ्या इंजिनात तो वरच्या बाजूला एकाच बोल्टवर असल्याने अर्ध्या तासात बसला. मात्र बॅटरीचे टर्मिनल आधी काढावे, ओ-रिंगला ताजे इंजिन ऑइल लावावे आणि तो सरळ आत ढकलावा, कारण तिरका गेल्यास रिंग कापली जाते. बोल्ट लहान आणि इंजिनाचे हेड ॲल्युमिनियमचे असल्याने टॉर्क रेंचशिवाय (जोर मोजून आवळणाऱ्या पान्याशिवाय) तो आवळू नये. जुन्या भागात गाळ दिसला असेल, तर ऑइल आणि फिल्टर त्याच वेळी बदलावेत. जुन्याच ऑइलवर नवा सोलेनॉइड चालवणे मला मुळीच पटत नाही.

सहा महिन्यांत कोड परत आलेला नाही, आयडलिंग स्थिर आहे आणि खालच्या आरपीएमवरची ओढ पूर्ववत झाली आहे. तक्रार एकच आहे: इतक्या महत्त्वाच्या भागाच्या खोक्यात बोल्ट किती आवळावा हे सांगणारा साधा कागदही नव्हता, तो आकडा सर्व्हिस मॅन्युअलमधूनच शोधावा लागला.