'ड्युएल'ची डीव्हीडी: पाव पडदा काळा, तरी विकणार नाही

उन्हाळ्यात डीव्हीडी प्लेअरचा ट्रे बाहेर यायचा बंद झाला आणि डिस्क आत अडकली. सर्व्हिस सेंटरवाल्यांनी तपासणीचे पैसे आधी घेतले आणि मग म्हणाले, "याचे पार्ट येत नाहीत, नवीन काहीतरी घ्या." कुठला पार्ट गेलाय, याला उत्तर नाही. भांडलो, पैसे बुडाले ते बुडालेच. नव्या पेठेतल्या मेकॅनिकने झाकण उघडून बघितलं. "टाकून कशाला देताव मालक? ट्रेचा रबरी पट्टा सैल पडलाय, दुसरं काय नाय." नाश्त्याच्या पैशात काम झालं.

आता डिस्कबद्दल. 'ड्युएल' सिनेमा बहुतेकांनी बघितलाय: मोटारवाला एका ट्रकला ओव्हरटेक करतो आणि तो ट्रक हात धुऊन त्याच्या मागे लागतो, एवढीच गोष्ट. स्पीलबर्गने चोविसाव्या वर्षी टीव्हीसाठी केलेला, १३ नोव्हेंबर १९७१ ला अमेरिकेच्या एबीसी चॅनेलवर दाखवलेला. तेव्हा तो ७४ मिनिटांचा होता, पुढे परदेशी थिएटरांसाठी ९० मिनिटांचा केला. माझ्या डिस्कवर हाच लांबवलेला आहे. त्यातला हिरोने बायकोला केलेला फोन म्हणजे पाहुणे वाढले म्हणून आमटीत ओतलेलं पाणी. रेल्वे फाटकाचा प्रसंगही नंतरच घातलेला, पण त्यात पैसे वसूल.

माझी खरी तक्रार काळ्या पट्ट्यांची. चित्र जुन्या टीव्हीच्या ४:३ चौकटीत आहे, त्यामुळे आजच्या टीव्हीवर डावी-उजवीकडे मिळून पाव पडदा रिकामा. ४३ इंचांचे पैसे मोजून पाव भाग काळा बघायचा? रिमोटवरून चित्र ताणलं तर हिरो डेनिस वीव्हर जाडजूड आणि त्याची लाल प्लिमथ व्हॅलियंट गाडी लांबलचक. झूम केलं तर वरचं-खालचं मिळून पाव चित्र गायब. ट्रकच्या बंपरवर वेगवेगळ्या राज्यांच्या नंबरप्लेटा लावल्यात, आधी किती जणांना गाठलंय याचा तो हिशेबच; झूममध्ये नेमकं तेच खालून कापलं जातं. ड्रायव्हरचा चेहरा दाखवलेलाच नाही, हात आणि बूट तेवढे दिसतात. मग बंपरही घालवून बघायचं काय?

इथपर्यंत पावसाळ्याआधी लिहून ठेवलं होतं. मधे पुण्याला भाच्याकडे ब्लू-रे बघितली. तिथे चौकट १.८५ ची, म्हणजे उंचीच्या पावणेदोन पटीहून थोडी जास्त रुंद, पडदा जवळजवळ भरलेला, ट्रकचा गंज आणि धूळ इतकी स्वच्छ की हात लावावासा वाटतो. अर्ध्या तासात चुळबुळ सुरू झाली. भरलेला पडदा हवा म्हणून ओरडणारा मीच, आणि मलाच आभाळ आणि रस्ता कमी वाटायला लागला. घरी येऊन डीव्हीडी लावली आणि पट्ट्यांचं काही वाटलं नाही. पिक्चर मऊ आहे, अंधारा भाग थोडा चिखलासारखा, पण चौकट पूर्ण आहे.

दुसऱ्या खेपेला मेहुणे सोबत होते. विजापूर रोडने त्यांनी वर्षानुवर्षं ट्रक नेलाय. त्यांची सहानुभूती पहिल्यापासून सिनेमातल्या पीटरबिल्ट ट्रकला. "आधी ओव्हरटेक कुणी केलं?" हा एकच मुद्दा लावून धरला. पंपावरचा माणूस रेडिएटरचा होज (रबरी नळी) बदला म्हणतो आणि हिरो नंतर बघू म्हणतो, तिथे त्यांनी कपाळावर हात मारला. पुढे चढावर तोच होज दगा देतो. मोडनिंबच्या पुढे आमचीही गाडी अशीच उकळली होती, फक्त मागे ट्रक नव्हता.

आवाज डीटीएस ५.१ आहे, म्हणजे चहूबाजूंच्या स्पीकरांसाठीचा, पण माझ्याकडे टीव्हीचेच स्पीकर, त्यामुळे त्याचं कौतुक मला लागू नाही. संवाद दबके आणि इंजिन एकदम अंगावर, म्हणून रात्री रिमोट हातातच ठेवावा लागतो. सोबतच्या मुलाखती चांगल्या आहेत, मूळ कथा लिहिणाऱ्या रिचर्ड मॅथेसनची तर दोनदा बघितली.

सेकंडहँड घेणाऱ्यांनी पाठीवरचा रिजन आकडा आधी बघावा, डिस्क कुठल्या देशांतल्या प्लेअरवर चालते ते त्यावरून कळतं. अमेरिकेची डिस्क १ नंबरची, आपले प्लेअर ५ चे, आणि विकणारा हे स्वतःहून सांगत नाही. ब्लू-रेच्या भावात ही घेऊ नका. निम्म्याच्या आत मिळाली तर घासाघीस करून उचला.