पाण्याविना चालणारा डिफ्यूझर आणि कपड्यातली फेल्टची चकती: रंगमंचावर कितपत कामाचे?

वेशभूषेच्या जोडीला वासही वापरायचा ठरला की बहुतेक संस्था घरगुती, पाण्याचं धुकं सोडणारा डिफ्यूझर, म्हणजे वास पसरवणारं यंत्र, आणतात. तो रंगमंचावर आणूच नये. त्याचं धुकं बाजूच्या दिव्यात उजळून दिसतं, रेशमी कापडावर पाण्याचे डाग उमटतात, जमीन निसरडी होते, आणि पाणी जड असेल तर काळ्या पडद्यावर पांढरी पूड बसते.

हे परीक्षण दुसऱ्या प्रकाराचं आहे. यात तेलाची बाटली थेट यंत्राला लागते, छोटा पंप हवेच्या झोतानं तेलाचे अतिशय बारीक कण उडवतो. नेब्युलायझिंग डिफ्यूझर म्हणून हे मिळतात. मोठ्या प्रेक्षागृहासाठी सध्या हाच प्रकार त्यातल्या त्यात भरवशाचा, पण दोन खोडी ओळखूनच तो घ्यावा.

पहिली खोड आवाजाची. पंपाची घरघर आणि नळीची फुसफुस शांत प्रवेशात पहिल्या चार रांगांना सहज ऐकू येते. यंत्र विंगेत, जाड फोमच्या तुकड्यावर ठेवलं की घरघर बरीच उतरते. फुसफुस मात्र राहते. म्हणून वास सोडायचा तो संगीताखाली किंवा प्रवेशबदलात. 1960 साली अमेरिकेत एका चित्रपटासाठी खुर्च्यांपर्यंत नळ्या टाकून वास सोडले गेले, तेव्हाही तक्रारी याच होत्या: फुसफुस ऐकू येते आणि वरच्या सज्जात वास उशिरा पोचतो.

उशिराचं गणित सोपं आहे. वास आपल्या पायानं चालत नाही, हवेच्या प्रवाहावर जातो. बंद प्रेक्षागृहात हवा सेकंदाला 20 सेंटीमीटर सरकते असं धरलं, तर 10 मीटरवरच्या रांगेला वास मिळायला 50 सेकंद लागतात. म्हणजे पात्र येण्याआधी जवळजवळ मिनिटभर क्यू, म्हणजे यंत्र सुरू करायचा इशारा, द्यायला हवा. प्रवाहाची दिशा तालमीतच तपासा: वातानुकूलन प्रयोगात असेल तसं चालू ठेवून धुराच्या यंत्राचा एक छोटा झोत सोडा आणि तो कुठे जातो ते बघा. तो सरळ वर, दिव्यांकडे ओढला गेला, तर तिथे यंत्र ठेवून उपयोग नाही. सलग चालू ठेवण्यातही अर्थ नाही, कारण नाक काही मिनिटांत सरावतं. 5 सेकंद चालू, 55 सेकंद बंद, असे तीन-चार फेरे पुरतात.

दुसरी खोड तोटी, म्हणजे जिथून तेलाचे कण उडतात ते बारीक तोंड, तुंबण्याची. लिंबू, निलगिरी, पुदिना ही पातळ तेलं सुरळीत चालतात. चंदन आणि वाळा दाट, ते अडकतात. पातळ करायला स्पिरिट मिसळण्याचा मोह होतो, पण त्याचा फवारा तापलेल्या दिव्यांजवळ थेट आगीला आमंत्रण आहे. खोबरेल किंवा बदामाचं तेल मिसळलं तर तोटी चिकट होऊन बंदच पडते. दाट वास यंत्रात घालूच नका, ते कपड्यात न्या. साफसफाईला आयसोप्रोपिल अल्कोहोल 5 मिली घालून यंत्र मोकळ्या हवेत, ज्योतीपासून लांब, 5 मिनिटं चालवावं. काचेच्या तोटीत टाचणी खुपसली तर तोटी तडकू शकते.

आता कपडेपट, आणि खरी गंमत इथेच आहे. कपड्यातला वास हातभर, फार तर दोन हात पोचतो. मागच्या रांगेला तो कधीच मिळणार नाही, आणि मिळायची गरजही नसते. बऱ्याच वर्षांनी घरी परतलेल्या माणसाचा लोकरी कोट घ्या. त्याला पेटीतल्या कापराचा वास असला, तर मिठी मारायला पुढे आलेला नट क्षणभर थबकतो. ते थबकणं शेवटच्या रांगेलाही दिसतं.

कृती अशी: 3 मिलिमीटर जाडीच्या लोकरी फेल्टची (दाबून केलेल्या जाड कापडाची) 3 सेंटीमीटरची चकती, तिच्यावर तेलाचे 3 थेंब, अर्धा तास उघड्यावर, मग झाकणाच्या काचेच्या बाटलीत. प्रवेशाच्या 10 मिनिटं आधी ती घेराच्या दुमडीतल्या चोरखिशात सरकवायची. खिशाची बाहेरची बाजू विरळ सुती, कापडाकडची बाजू पातळ पॉलिएस्टर फिल्मची. ही फिल्म नसेल तर तेल रेशमावर उतरतं आणि तो डाग जाता जात नाही. खिसा मानेशी शिवू नका. नटाच्या स्वतःच्या नाकाला तो वास दहा मिनिटांत जाणवेनासा होतो, तो आणखी थेंब मागतो, आणि समोरच्याचं डोकं दुखू लागतं. घेरात असला की प्रत्येक वळणाबरोबर हवा ढवळते आणि वास आपोआप झुळकेनं येतो.

अत्तर थेट कापडावर मारणं टाळाच. अल्कोहोलनं कच्चा रंग फुटतो, आणि व्हॅनिलाच्या वासातलं व्हॅनिलिन पांढऱ्या कापडावर काही दिवसांनी तपकिरी होतं. लोकर वास फार दिवस धरून ठेवते. पॉलिएस्टर तेलकट दर्प धरतं आणि धुऊनही सोडत नाही. सुती कापड त्या मानानं भलं. दोन वेगळ्या वासांचे कपडे एकाच पेटीत कधीही नकोत.

प्रकाश मावळतो तसा वास मावळत नाही. त्यामुळे एका अंकाला एकच वास, दुसरा मध्यंतरात दारं उघडून हवा बदलल्यावरच. क्षणिक भावनेला लिंबासारखे हलके, उडून जाणारे वास घ्यावेत. चंदन अंगाशी राहतं, तेव्हा ते संपूर्ण अंकभर वावरणाऱ्या पात्रालाच द्यावं.

दमा किंवा अर्धशिशी असलेल्यांसाठी प्रवेशदारावर आणि तिकिटावर सूचना हवीच, नटांची संमती तालमीआधी हवी. उघडलेलं लिंबाचं तेल हवेनं बिघडतं आणि त्वचेला खाज आणतं, म्हणून 10 मिलीच्याच बाटल्या घ्या आणि झाकणावर उघडल्याची तारीख लिहा.

यंत्र विकत घेताना सेकंदांत लावता येणारा टायमर, सुटी करता येणारी तोटी आणि रुंद बैठक या तीन गोष्टी बघाव्यात. यंत्र कललं तर तेल पंपात उतरतं, त्यामुळे सरकत्या नेपथ्यावर ते कधीही बसवू नये.